पहिल्या दोन रांगा

समतेचा विचार या महाविद्यालयाच्या रक्तातच आहे, असं निमंत्रणपत्रिकेवर छापलं होतं. म्हणून सभागृहातल्या पहिल्या दोन रांगांतल्या खुर्च्यांवर ‘वंचित विद्यार्थ्यांसाठी राखीव’ असे कागद चिकटवले होते.

दोन्ही रांगा रिकाम्या होत्या.

बाकी परळच्या त्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. मागे मुलं भिंतीला टेकून उभी होती. मंचावर शाल, श्रीफळ आणि मानचिन्ह मांडून ठेवलं होतं. वंचित विद्यार्थ्यांना आधार देणाऱ्या प्राध्यापकांचा गौरव व्हायचा होता, म्हणजे अकाउंट्सच्या सकपाळ मॅडमचा. मॅडम टोकाच्या खुर्चीवर, परीक्षेला सुपरव्हिजन लागल्यासारख्या बसल्या होत्या.

प्राचार्य बर्वे त्यांच्याकडे वाकले.

“मॅडम, पाहुणे गेटपाशी आलेत. कुठायत ती तुमची मुलं?”

“इथेच आहेत की.”

“मग पुढे बसवा ना त्यांना. फोटोत मोकळ्या खुर्च्या बऱ्या दिसत नाहीत. असं करा, माइकवरून एकेकाचं नाव घ्या. तुमचा शब्द नाही मोडायची ती.”

हे मात्र खरं होतं. अडचण तीच होती.

सातव्या रांगेत प्राचीने ओढणीचं टोक बोटाला गच्च गुंडाळलं. तिच्या फीमाफीसाठी मॅडमनीच ऑफिसचे उंबरे झिजवले होते. जादा शिकवणीही त्याच घेत, रिकाम्या वर्गात, दार लोटून. कोणी विचारलंच तर एकांकिकेची तालीम आहे म्हणून सांगायचं, हा मॅडमचा नियम. त्यामुळे वर्गात कोणाला काही ठाऊक नव्हतं. आता मॅडमनी नाव पुकारलं तर प्राची उठली असती. आणि अख्खं सभागृह मान वळवून बघत राहिलं असतं.

“वंचित म्हणजे कोण गं?” शेजारी बसलेल्या वल्लरीने विचारलं. “आपल्या वर्गात आहे का कोणी?”

“असेल कोणीतरी.”

“आणि तुमची एकांकिका कधी बसणार? दोन वर्षं नुसती तालीमच चाललीय.”

“दिग्दर्शक कडक आहे,” प्राची म्हणाली.

मंचावर मॅडम उठल्या. माइकवर बोटाने दोनदा टकटक केलं. सभागृहावरून फिरत फिरत त्यांची नजर सातव्या रांगेवर आली, तशी प्राचीने मान खाली घातली.

“कॅन्टीनमधून वडे आलेत,” मॅडम म्हणाल्या. “पुढच्या दोन रांगा भरल्याशिवाय वाटप सुरू होणार नाही.”

महाविद्यालयाच्या इतिहासात कुठल्याही सूचनेचं इतक्या तातडीने पालन झालं नव्हतं. विहंग विजयकर तर खुर्च्यांवरून उड्या मारत गेला आणि कागदासकट बसला. वल्लरीने प्राचीचा हात ओढला.

“चल ना. संपतील.”

“तू जा. मी जागा धरते इथली.”

“काय वेडी आहेस गं,” असं म्हणून वल्लरी पळाली आणि दुसऱ्या रांगेतली शेवटची राखीव खुर्ची तिला मिळाली.

प्राचार्यांनी घाम पुसला. “मॅडम, ही ती मुलं नव्हेत. तो विहंग आपल्या ट्रस्टी विजयकरांचा मुलगा आहे.”

“सर, कशापासून वंचित ते कागदावर लिहिलेलं नाही.”

तेवढ्यात प्रमुख पाहुणे आले. निवृत्त सचिव होते. त्यांच्याबरोबर ट्रस्टी मनमोहन विजयकर होते. दोघे मंचावर शेजारी शेजारी बसले. भरलेल्या रांगा पाहून पाहुण्यांना गहिवरून आलं. त्यांनी मॅडमना शाल पांघरवली, नारळ दिला, मानचिन्ह दिलं. टाळ्या सातव्या रांगेपासून सुरू झाल्या. भिंतीपाशी कोणीतरी शिट्टी मारली. मॅडमनी त्या दिशेने डोळे वटारले आणि मग त्यांना हसू आवरेना.

मग पाहुणे भाषणाला उभे राहिले, पण ते अर्धवट टाकून मंचावरून खाली उतरले. पहिल्या रांगेसमोर उभे राहिले आणि विहंगच्या खांद्यावर हात ठेवला.

“बाळ, संकोच करू नकोस. वडील काय करतात?”

विहंगने वर मंचाकडे पाहिलं. “काही नाही, सर. तुमच्या शेजारी बसलेत.”

मनमोहन विजयकरांनी पाण्याचा ग्लास तोंडाला लावला. तो रिकामा होता, तरी बराच वेळ ते पीत राहिले. दुसऱ्या रांगेत वल्लरीने आपल्या पाठीमागचा कागद हळूच काढला, वाचला आणि घडी करून पर्समध्ये टाकला.

“वडे,” प्राचार्य माइकवर ओरडले. “वडे वाटायला घ्या, आधी वडे.”

मागच्या दारात रघुमामा शिपाई दोन मोठे ट्रे घेतलेल्या कॅन्टीनवाल्यांसह थांबले होते. कुठून सुरू करायचं, हे विचारायला त्यांनी मंचाकडे पाहिलं; प्राचार्यांकडे नव्हे, मॅडमकडे. मॅडमच्या एका हातात नारळ होता, दुसऱ्यात मानचिन्ह. त्यांनी नारळानेच खूण केली.

“मामा, मागून या.”

भिंतीपाशी उभी असलेली मुलं आधी खाऊ लागली. ट्रे सातव्या रांगेत आला तेव्हा वडे अजून गरम होते. प्राचीने दोन घेतले. एक खाल्ला. दुसरा चटणी लावून पेपरात बांधला आणि वल्लरीच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवला.

वडे तिसऱ्या रांगेत संपले.