कुरणातलं चॅपेल

“दिसतंय का काही?” फाटक ओलांडायच्या आतच हेस्टरबाईंनी विचारलं.

लेनर्ड थर्लो फाटकावर हात टेकून कुरण या टोकापासून त्या टोकापर्यंत न्याहाळत होते. मे महिन्यापासून इंग्लंडच्या या सफक परगण्यात पावसाचा थेंब नव्हता. नदीकाठचं कुरण वाळून पिवळंफटक पडलं होतं, आणि अशाच उन्हाळ्यात जमीन पोटातलं ओकते. खाली भिंतीचा पाया असेल तर वर माती थोडी. तिथलं गवत आधी जळतं आणि पिवळी रेघ उमटते. खाली बुजवलेला चर असेल तर ओल टिकते, रेघ हिरवी राहते. निम्म्या जिल्ह्याला हे या दोघांनीच शिकवलं होतं. कुरणात रेघा उमटल्याचं मालकाने काल फोनवर कळवलं, म्हणून लेनर्ड आज सकाळीच बाईंना गाडीत घालून घेऊन आले होते. एक पाऊस पडला की सगळं पुसलं जाणार.

बाईंची नजर जवळजवळ गेली होती; डोळ्यांपुढे आता कडेकडेचा उजेड तेवढा उरला होता. संत बॉटॉल्फचं नाहीसं झालेलं चॅपेल, म्हणजे जुनं छोटं प्रार्थनाघर, याच कुरणाखाली आहे, असं त्या तरुणपणापासून सांगत आल्या होत्या. आणि इतिहास मंडळाच्या वार्षिकांकात ते दरवेळी खोडून काढायचं काम लेनर्डनी इमानेइतबारे केलं होतं. सभेत ही दोघं उभी राहिली की लोक चहाचे कप घेऊन पुढच्या रांगेत सरकत. गावाच्या इतिहासावरचं बाईंचं पुस्तक लिहून तयार होतं. अडलं होतं ते या एका चॅपेलपाशी, आणि थांबायला त्यांच्याकडे फार वेळ नव्हता.

“आहे,” लेनर्ड म्हणाले. “भिंती दिसतायत. लांबट खोली, पूर्वेला अर्धगोल. तू म्हणत होतीस तसंच.”

बाईंनी त्यांची बाही घट्ट धरली. जन्मभराच्या हट्टाचं चीज झालं, तेही या माणसाच्या तोंडून. दार कुठे आहे, त्यांनी विचारलं. दक्षिणेला, लेनर्ड म्हणाले. भिंती जाड आहेत का? चांगल्या जाड आहेत. तुझंच बरोबर होतं, माझं चुकलं, असंही ते म्हणाले, आणि तिथे बाईंच्या मनात पाल चुकचुकली. या गृहस्थाने आजवर त्यांना हवेपाण्याच्या गप्पांतसुद्धा कधी हो म्हटलं नव्हतं.

“रेघ पिवळी आहे ना?”

“पिवळी,” लेनर्ड म्हणाले. जरा उशिरानेच.

“मला तिच्यावर उभं कर.”

त्यांनी हाताला धरून नेलं. बाईंनी काठी टाकली आणि त्या गुडघ्यांवर बसायला लागल्या. लेनर्ड नको नको म्हणत राहिले. बाईंनी आधी आजूबाजूच्या गवतावर हात फिरवला. ते खरखरीत होतं, मुठीत चुरा होणारं. मग त्यांचा हात रेघेवर आला. तिथलं गवत मऊ होतं आणि बोटांना गार लागत होतं. त्या रेघेच्या अंदाजाने थोडं पुढे सरकल्या. तिला एक दुसरी रेघ तिरकी येऊन मिळाली. भिंती अशा तिरक्या मिळत नाहीत.

“हिरवी आहे,” बाई म्हणाल्या.

लेनर्डनी वाकून त्यांची काठी उचलून घेतली.

“चाळीस वर्षं तू माझं एक वाक्य खोडल्याशिवाय सोडलं नाहीस, लेन. आज आख्खं चॅपेल सोडलंस. मी इतकी आजारी दिसते?”

“दिसतेस,” लेनर्ड म्हणाले.

सकाळपासूनचा हा त्यांचा पहिला खरा शब्द. बाईंना त्याने बरंच वाटलं. आता बाकीचंही नेहमीसारखं सांग, त्या म्हणाल्या.

मग लेनर्डनी सांगितलं. कुरणातलं पाणी निघून जावं म्हणून कधी काळी चर खणून पुरलेले मातीचे नळ होते ते. मधे एक मोठा, आणि दोन्ही बाजूंनी त्याला मिळणारे लहान, माशाच्या काट्यासारखे. या कुंपणापासून त्या कुंपणापर्यंत दुसरं काहीही नाही. पाया असता तर या उन्हाळ्यात तो लपला नसता.

बाई गवतातच बसून रडल्या. लपवायचा प्रयत्न त्यांनी केला नाही. लेनर्डनी रुमाल काढला, तो मळलेला पाहून पुन्हा खिशात घातला आणि नुसतेच शेजारी उभे राहिले.

“मग गेलं कुठे ते?” थोड्या वेळाने बाईंनी विचारलं.

“पुलापलीकडे. किती वर्षं सांगतोय.”

“तिथे दलदल आहे. दलदलीत कोण शहाणा चॅपेल बांधेल?”

“खुद्द बॉटॉल्फने आख्खा मठ दलदलीत बांधला, बाई.”

“तो संत होता. त्याला पाय ओले झालेले चालायचे. आपल्या गावच्या लोकांचं बोल.”

लेनर्डचा आवाज चढला. त्या काळी नदीचं पात्र वेगळं होतं, हे हजारदा लिहिलंय, तू वाचतेस तरी का, असं बरंच काही ते बोलत राहिले. बाईंनी बाहीला नाक पुसलं आणि हात वर केला. लेनर्डनी बोलता बोलताच त्यांना उभं केलं, काठी हातात दिली.

“चल, दाखव तुझी दलदल,” बाई म्हणाल्या. “यंदा तीही सुकली असेल. आणि लेन, तिथे खरंच चॅपेल दिसलं तर तेही सांगायचं. मला वाईट वाटेल म्हणून गिळून टाकायचं नाही.”