किटली भरू का?

शेजारच्या डेल्विननं छतातून लोंबणारी बटणाची दोरी ओढली, लाल दिवा लागला आणि टबावरचा नवा विजेचा शॉवर असा धो धो सुटला, की दारात उभ्या असलेल्या ग्लेनिसच्या सपाता भिजल्या.

"बघा काकू, याला म्हणतात शॉवर! जुना नुसता ठिबकत होता. याला जाड वायर लागते, म्हणून खालपासून नवी ओढली."

ग्लेनिस खूश झाली. जुन्या शॉवरनं तिच्या पाठीला काही कमी चटके दिले नव्हते. खाली कुणी नळ सोडला की वरचं पाणी अडायचं, आणि जे काही यायचं ते उकळतं. त्यामुळे या घराला एक सवयच लागली होती: नळाला हात लावण्याआधी जिन्यापाशी जाऊन ओरडायचं.

"आता ती कटकट मिटली," हत्यारं पिशवीत भरत डेल्विन म्हणाला. "किटली भरा, भांडी घासा, वरच्याला पत्तासुद्धा लागणार नाही. तुमची बोंबाबोंब आमच्या भिंतीतून ऐकू यायची, माहितेय?"

ग्लेनिस हसली, आणि हसता हसता तिची नजर जिन्याकडे गेली.

रोड्री, ग्लेनिस आणि तिचा नवरा एमरिस यांचा मुलगा, गेल्या हिवाळ्यात वारला. तेव्हापासून एमरिसनं तोंडाला कुलूप घातलं होतं. डॉक्टर झाले, चॅपलचे पाद्री झाले, पण नवऱ्यानं कुणालाच दाद दिली नाही. चहासुद्धा तो उचलून मागच्या शेडमध्ये नेई. फक्त सकाळी ती जिन्यापाशी जाऊन विचारायची, "किटली भरू का?" आणि पाण्याच्या आवाजातून वरून उत्तर यायचं, "भर!" दिवसभरात तेवढा एकच शब्द. त्या शब्दावर बिचारी दिवस काढत होती. आणि हौसेनं नवा शॉवर बसवून घेतला तोही तिनंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर पाणी सुरू झालं. किटली घेऊन ती जिन्यापाशी गेली आणि थांबली. आता विचारायचं तरी कशाला? डेल्विननं एमरिसलाही सगळं समजावून सांगितलं होतं. आपण हाक मारली आणि वरून उत्तरच आलं नाही तर? त्यापेक्षा न विचारलेलं बरं. ती मागे फिरली आणि तिनं गुपचूप किटली भरली.

पाणी उकळलं. वरचा शॉवर चालूच होता. तिचा चहा निवाला, तरी चालूच. हा टबात पडला तर नाही? घाबरून तिनं जिन्यावर पाय ठेवला, तेवढ्यात वर दोरी ओढल्याचा आवाज झाला आणि एमरिस खाली आला. खांद्यावर टॉवेल, केस निथळत होते, चेहरा रागानं लाल.

"किटली भरली नाहीस?"

"भरली. मघाशीच."

"मग हाक का नाही मारलीस?"

"आता लागत नाही ना... डेल्विन म्हणाला..."

"डेल्विनला काय कळतंय!" त्यानं दोन्ही हात तिच्यापुढे धरले. पाण्यानं बोटांची टोकं पांढरी पडून सुरकुतली होती. "तिथं कधीचा उभा आहे मी, तुझी हाक येईल म्हणून."

ग्लेनिस त्या बोटांकडे बघत राहिली. मग तिनं किटलीतलं सगळं गरम पाणी मोरीत ओतलं आणि रिकामी किटली नळाखाली धरली. नवरा हातभर अंतरावर उभा होता, तरी ती जिन्यापाशी उभं राहून ओरडावं तशी ओरडली,

"किटली भरू का?"

"भर!" तोही तेवढ्याच जोरात ओरडला आणि खुर्ची ओढून तिथंच टेबलाशी बसला.