हवेचं माप

पॅरिशचे, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या वस्तीचे, आरोग्य निरीक्षक पिल्बीम यांनी खोली मोजून मापाची फीत गुंडाळली. खोलीत नियमानं पाच माणसांपुरती हवा होती आणि माणसं भरली सहा: विधवा हेस्टर, तिची सासू आणि एका पांघरुणाखाली चार मुलं. घरात ताप शिरला होता.

"एक जण जास्त आहे, बाई. सोमवारी खोलीला टाळं लागेल. मग सगळ्यांना गरीबखान्यात जावं लागेल."

"उवा मोजायच्या राहिल्या, साहेब," सासू म्हणाली. "त्याही श्वास घेतात."

"नियम तुमच्याच भल्याचा आहे, आजी. कोंदट हवेनंच ताप पसरतो."

हेस्टर बिछान्याशी गेली. तिनं पांघरूण हळूच उचललं. तिघं भावंडं धाकट्याला बिलगून झोपली होती.

"मग याला मोजणीत धरू नका. मंगळवारीच गेला. माझ्या भावाला सुट्टी रविवारी असते, तेव्हा पुरायचंय."

पिल्बीमनी टोपी काढली. मग सवयीनं पेन्सिल काढून त्यांनी वहीतला सहा खोडला आणि पाच लिहिला.

हेस्टर त्यांच्या पेन्सिलीकडेच बघत होती.

"आता पुरते ना हवा, साहेब?"