चौथ्या लाइनचा भाव

फ्रिस्कोच्या बर्फाच्या रिंकवर आमच्या मराठी आइस हॉकी टीमची प्रॅक्टिस संपली, तेव्हा लीगमध्ये खेळाडूंची अदलाबदल करायला तासच उरला होता. तेवढ्यात दुसऱ्या टीमच्या कॅप्टनचा फोन आला. आमच्या कॅप्टननं, रुचानं, स्पीकर लावला. "जगन्नाथकाका आम्हाला दे, आमचा टॉप स्कोअरर घे." काकांनी सीझनभर एकही गोल केला नव्हता. सगळ्यात शेवटी उतरणाऱ्या चौथ्या लाइनमध्ये खेळायचे आणि गोलकडे निघालेले शॉट्स पायांवर झेलायचे. "हो म्हण यार," केदार कुजबुजला. पायाचं तडकलेलं पॅड टेपनं गुंडाळत काका म्हणाले, "रुचा, त्यांचा गोलकीपरही माग." सगळे हसले. रुचानं खरंच मागितला. पलीकडचा कॅप्टन म्हणाला, "गोलकीपर जमणार नाही, पण स्कोअररच्या वर एक डिफेन्समन देतो." आता कुणी हसेना. केदार पॅडकडे बघत राहिला. काकांनी दातांनी टेप तोडली. "एवढा भाव आहे ना? मग मला विकू नकोस."