ओलेटाची हूल

टेबलाच्या मध्यभागी बेचाळीस डॉलर पडले होते. ते मिळाले तर ओलेटाचं जुलैचं विजेचं बिल अर्धं फिटलं असतं. पण बिलासाठी काही ती व्हर्जिलच्या खुर्चीत येऊन बसली नव्हती.

नवऱ्याला, व्हर्जिलला, मार्चमध्ये पुरल्यापासून दर शनिवारी दुपारी ती टेक्सासमधल्या त्या पशुखाद्याच्या दुकानामागच्या खोलीत त्याच्या मित्रांशी, वेंडेल आणि रॉयसशी, पोकर खेळायला येई आणि जिंकून जाई. आपला हात चांगला बसला, असं तिला वाटत होतं. मघाच्या डावापर्यंत. मधली पानं उघडायच्या आधीच तिने पैसे वाढवले, वेंडेलने पानं टाकली आणि ती पंख्याच्या वाऱ्याने उलटली. दोन एक्के. एक्क्यांची जोडी म्हणजे सगळ्यांत भारी पानं; मुद्दाम हरायचं नसेल तर ती त्या वेळी कोणी टाकत नाही. वेंडेलने घाईने वर टोपी ठेवली. रॉयस पत्त्यांचा दुसरा कॅट घेऊन पानं वाटू लागला.

या नव्या डावात शेवटची बोली ओलेटाची. दोघांनी आपल्या पाळीला पैसे न लावता टेबलावर नुसतं बोट आपटलं. हूल द्यायची तर याच जागेवरून, व्हर्जिल सांगायचा; सगळ्यांची तोंडं बघून झालेली असतात. तिच्या हातात सत्ती आणि दुर्री होती, मधल्या पाच पानांशी कशाचाच मेळ नव्हता.

तिने साठ डॉलर पुढे लोटले.

वेंडेलने पानं टाकली. "तुझ्यापुढे कोण टिकणार, बाई."

"रॉयस, तूही टाक," ती म्हणाली. "चार महिने दुखवट्याचं जेवण म्हणून घरी कॅसरोल पाठवताय, त्यातलंच हेही."

व्हर्जिलची शवपेटी उचलणाऱ्यांत रॉयस पुढे होता. त्याने टाकायला उचललेली पानं परत खाली ठेवली. मग त्याने साठ डॉलर मोजून मध्ये सरकवले.

"दाखव."

तिने दाखवलं. रॉयसकडे नव्वीची जोडी निघाली. तेवढी पुरली.

"सत्ती-दुर्रीवर साठ डॉलर," तो पैसे ओढत म्हणाला. "एवढा गाढवपणा व्हर्जिलनेही केला नसता."

"रॉयस..." वेंडेल पुटपुटला.

"करायचा," ओलेटा म्हणाली. "तुम्हाला कधी सापडला नाही, इतकंच."

रॉयस हसला. मग तीही.

त्या हुलीत साठ डॉलर गेले, आणि या वेळी कोणी दया न दाखवता गेले. तिने पर्समधून आणखी दोन विसाच्या नोटा काढून टेबलावर ठेवल्या, टोपी उचलली आणि खालचे एक्के पहिल्या कॅटमध्ये घातले. टोपी वेंडेलपुढे धरली.

"डोक्यावर घाल ही. टोपी उतरवायची ती दफनाला, आणि दफन मार्चमध्येच झालं."