मार्गासनीचा पत्ता

“माझ्या माहेरच्या इंटरनेटचा पत्ता मंजूर झाला का, मॅडम?” रत्नानं फोनवर विचारलं.

फोन राजनंदिनीनं घेतला होता. भोरच्या एका खासगी दवाखान्यातले सगळे कॉम्प्युटर तिच्या ताब्यात होते.

“नाही जमणार, रत्ना.”

“काल तर तुम्ही हो म्हणालात.”

“काल म्हणाले होते. आज नाही म्हणतेय.”

रत्ना कामथडीला सासरी राहून त्याच दवाखान्याच्या पेशंटची माहिती कॉम्प्युटरवर भरायची. मागं कुणा परक्यानं ती माहिती उघडून पाहिली होती. तेव्हापासून तिचं खातं ठरलेल्या इंटरनेटवरूनच उघडायचं; एक दवाखान्याचं, दुसरं तिच्या घरचं. बाकी कुठूनही पासवर्ड बरोबर टाकला तरी आत शिरता यायचं नाही. नवं ठिकाण जोडायचं तर तिथल्या इंटरनेटचा पत्ता राजनंदिनीनं मंजूर करावा लागायचा.

मार्गासनीला तिची आई भामाबाई अंथरुणाला खिळली होती. छातीत पाणी झालंय, एवढंच भाऊ गेनू सांगायचा. रत्नाला सहावा महिना. आधीचं एक बाळ पोटातच गेलेलं, म्हणून डॉक्टरांनी एसटीचे हेलपाटे बंद केले होते. रजा सगळी बाळंतपणासाठी राखलेली. एकदाच सावकाश गाडीनं जायचं आणि आईच्या उशाशी बसून काम करायचं, असं तिनं ठरवलं होतं. गेनूनं त्यासाठी घरात इंटरनेटही घेतलं होतं.

तिनं आईला फोन लावला. “नोकरीच सोडते मी. उद्या येते.”

“सोडून तर बघ. दारात हुबी करनार न्हाई तुला,” भामाबाई खोकत म्हणाली. “शिकीवलं ते ह्याच्यासाठी व्हय? लेकरू झालं की ये. म्या कुठं पळून चाललेय?”

रत्ना त्यानंतर दर आठवड्याला राजनंदिनीला विचारत राहिली. उत्तर तेच. हळूहळू ती कामापुरतंच बोलू लागली. आपण आणि आई, यांच्यामध्ये ही एकच बाई उभी आहे, असं तिला वाटायचं.

आठव्या महिन्यात भामाबाई गेली. नवरा कुमार रत्नाला गाडीनं घेऊन गेला. पोटुशीनं मढ्याजवळ जाऊ नये म्हणून बायकांनी तिला अंगणातच धरून ठेवलं. तिनं आईला लांबूनच पाहिलं.

मुलगी झाली. गुटगुटीत, ठणठणीत. राजनंदिनी झबलं-टोपडं घेऊन कामथडीला आली. रत्नानं बाळ तिच्या हातात दिलं नाही.

“हिला माझ्या आईनं घ्यायला हवं होतं,” ती म्हणाली. “एक पत्ता मंजूर करायचा होता तुम्हाला. एवढंच. आईचा हात शेवटचा हातातही घेता आला नाही मला.”

राजनंदिनीनं पिशवी खाली ठेवली. बाळाकडं पाहिलं.

“मंजूर केला होता, रत्ना. तू पहिल्यांदा विचारलंस त्याच दिवशी. संध्याकाळी दवाखान्यात तुझ्या आईचा फोन आला. म्हणाल्या, ‘बाई, मला टीबी झालाय. लेकीला कळलं तर हाय तशी पळत यील. तिच्या पोटातलं जगू द्या. ते खातं हितं उघडू देऊ नका, आन् लेकरू सुखरूप झाल्याबिगार तिला ह्यातलं काय बी सांगू नका.’”