शेवटचा हॅस्गार्थ

मिस ओकशॉटनं स्वयंपाकघराच्या टेबलावर नकाशा पसरला तेव्हा विल्फ तिसऱ्यांदा उठून खिडकीशी गेला होता.

"बसा ना, मिस्टर हॅस्गार्थ."

"कुत्रं कुठे गेलं बघतो."

कुत्रं चुलीपाशी झोपलं होतं. शेजारच्या शेतावरचा आयझॅक चहात आल्याची बिस्किटं बुडवत गालात हसला.

मिस ओकशॉट आडनावांच्या मागे हिंडणारी बाई. दुर्मिळ आडनाव कुठे उगवलं, कुठे पसरलं, कुठे संपलं, याचा शोध घेत ती देशभर फिरायची. नकाशावर तिनं लाल ठिपके दिले होते. ते सगळे या एका खोऱ्यात, ओढ्याच्या दोन्ही काठांना.

"दीडशे वर्षांपूर्वी इथं घरटी हॅस्गार्थ होते," ती म्हणाली. "काही खाणीत गेले, काही युद्धात, एक घर टास्मानियाला. आता साऱ्या ब्रिटनच्या मतदारयादीत एकच नाव उरलंय. तुमचं."

"मागच्या शरदापर्यंत दोन होती," विल्फ म्हणाला.

"हो. तुमच्या पत्नींचं ऐकलं. वाईट वाटलं."

हेस्टरचा कोट अजून दाराच्या खुंटीवर होता. बाई मघाशी वर हात धुवायला गेली, तेव्हा न्हाणीतल्या पेल्यात हेस्टरचा निळा टूथब्रशही तसाच होता. त्यानं काहीच हलवलं नव्हतं.

"टास्मानियाला गेलेल्या त्या घरातली रोवेना कालच बोलली माझ्याशी," मिस ओकशॉट म्हणाली. "मेंढरांत वाढलेली मुलगी आहे. यायला एका पायावर तयार आहे. पण इस्टेटवाले ऐकत नाहीत."

ते विल्फला ठाऊक होतं. जमीन इस्टेटची, म्हणजे बड्या जमीनदाराची; विल्फ नुसतं कूळ. करार जुना. विल्फ असेपर्यंत शेत त्याच्याकडे, पुढं हॅस्गार्थ रक्ताचं कुणी असेल तरच त्याला मिळणार. नाहीतर मेंढरं विकायची आणि गोठ्यात सुट्टीला येणाऱ्या शहरी लोकांसाठी खोल्या काढायच्या. इस्टेटचा माणूस टेप घेऊन गोठा मोजूनही गेला होता. त्या रात्रीपासून विल्फला धड झोप नव्हती.

"रोवेनाचं आणि इथलं रक्त जुळलं पाहिजे. गालाच्या आतून हा बोळा फिरवायचा, बस. त्या डीएनए तपासणीचा निकाल इस्टेटलाही मान्य आहे."

"आणि नाही जुळलं तर?"

"तर माझ्या नोंदीत या नावापुढं 'नामशेष' असं लिहावं लागेल."

विल्फ पुन्हा उठला. शेवटच्या आजारात हेस्टरनं एकच मागणं मागितलं होतं. या घरातून आमचं नाव जाऊ देऊ नकोस. एवढ्या वर्षांत तिनं दुसरं काही मागितलं नव्हतं.

"द्या तो बोळा," तो म्हणाला. "पण वरती जाऊन करतो. वरखाली दोन्ही कवळ्या आहेत. बाईमाणसासमोर नाही काढणार मी."

"लाजतोय म्हातारा," आयझॅक म्हणाला. "मेंढरांच्या बाजारात त्याच कवळ्या काढून शर्टाला पुसतो, तेव्हा नाही लाजत."

मिस ओकशॉट हसली. विल्फ जिना चढून गेला.

वर बराच वेळ गेला. नळ वाहिल्याचा आवाज आला, मग थांबला. मिस ओकशॉट उठून भिंतीवरचा फोटो पाहू लागली. दाट मिशांचा एक माणूस दगडी कुंपणापाशी उभा, शेजारी कुंपणावर बसलेली एक लहान मुलगी.

"म्हातारे हॅस्गार्थ हे?"

"हेच. खडूस माणूस."

"मुलानं नाक अगदी यांचंच घेतलंय हो. लगेच ओळखू येतं."

आयझॅकला बिस्किटाचा ठसका लागला.

"आणि ही मुलगी?"

"हेस्टर."

"म्हणजे लहानपणापासूनची ओळख तर."

"याच अंगणात खेळली ती," आयझॅक म्हणाला. मग बाहेर डोंगराकडे बोट दाखवून त्यानं विषय बदलला. "ती लाल खुणेची मेंढरं दिसतात? खूण शेताची असते, बाई. बाहेरून मेंढा आणला तरी त्याच्या पाठीवर इथलीच खूण उमटवतात. वर्षभरात कुणाला आठवतही नाही तो कुठला."

"सुंदर पद्धत आहे," ती म्हणाली आणि वहीत लिहू लागली.

विल्फ खाली आला. बंद पाकीट त्यानं तिच्या हातात दिलं.

पुढचे काही आठवडे तो घरात टिकला नाही. उगाच फाटकापर्यंत जायचा, परत यायचा. धड असलेल्या कुंपणाचे दगड काढून पुन्हा रचायचा. फोन वाजला की उचलण्याआधी बराच वेळ त्याकडे पाहत राहायचा. फोन दुसऱ्याच कुणाचा असायचा.

मिस ओकशॉटचा फोन आला तेव्हा आयझॅक चहाला बसलेला होता.

"जुळलं, मिस्टर हॅस्गार्थ," मिस ओकशॉट म्हणाली. "रोवेनाचं घराणं आणि तुमचं घराणं एकच. शंकाच नाही. इस्टेटवाल्यांनीही मान्य केलंय. पोरगी वसंतात येईल."

विल्फनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"एक बारीकशी चूक केलीय मात्र प्रयोगशाळेनं. नमुना बाईचा आहे असं लिहून बसलेत. दुरुस्त करायला सांगते."

"राहू द्या," विल्फ म्हणाला. "कशाला त्यांना त्रास."

फोन ठेवून तो वर गेला. कपाटातल्या रुमालात गुंडाळून ठेवलेला निळा टूथब्रश त्यानं काढला, पुन्हा पेल्यात उभा केला आणि खाली आला.

आयझॅकनं त्याच्यापुढं चहा सरकवला.

"तू या घरी घरजावई म्हणून आलास आणि यांचं आडनाव लावलंस ना, तेव्हा हेस्टरचा बाप मला म्हणाला होता, हे परकं पोरगं आमचं नाव बुडवणार."